बंडीच्या चालीने चालणारी मोटार

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात चारही चाकांना जोर पोचवणारी मोटार स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत रुळली. वनपरिक्षेत्र कार्यालयासमोर, पंचायत समितीच्या आवारात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात आणि अलीकडे ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा फाटकांवर ती इतकी नित्याची झाली, की तिलाही काही इतिहास आहे याचा विसर पडतो. आठवण झालीच, तर बोलणे इंजिनापाशी अडते. किती अश्वशक्ती, किती सीसी, पेट्रोल की डिझेल, एवढ्यावर तिची परीक्षा संपते. गेल्या ऐंशी वर्षांतले आकडे एकापुढे एक मांडले, तर मात्र वेगळीच गोष्ट दिसते. या जंगलात टिकलेल्या गाड्यांची इंजिने फार बलवान कधीच नव्हती. त्यांच्यात मोलाचे होते ते इंजिन आणि चाक यांच्यामधले दात्यांचे गणित. रोजच्या डांबरी रस्त्यावर बरी धावेल आणि चिखलात ट्रेलर मागे लावल्यावर बैलाच्या चालीने, न थांबता ओढत राहील, अशी गाडी या भागाला हवी होती. एकाच गाडीला हे दोन्ही कसे साधावे, हा इथल्या चालकांचा आणि मिस्त्रींचा खरा प्रश्न राहिला आहे, आणि त्याचे उत्तर त्यांनी इंजिनापेक्षा गिअरमध्ये अधिक वेळा शोधले आहे.

मोटारीच्या आधीचा काळ पाहिल्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे, सागवान मौल्यवान होते आणि अडचण होती ती ते बाहेर काढण्याची. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचापाशी गोदावरीला मिळते, पुढे इंद्रावती येते. नकाशावर हा जलमार्ग पाहून एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंत्यांना वाटले, की या मुलुखाचा माल नदीनेच किनाऱ्याला नेता येईल. गोदावरीच्या वरच्या भागात नौकानयनाची मोठी कामे सुरू झाली. पण पात्रातल्या खडकांच्या अडसरांपुढे पैसा आणि उमेद दोन्ही संपली आणि १८७१ मध्ये ती योजना सोडून दिली गेली. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी रेल्वे आली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाल्यावर बल्लारशा हे दिल्ली-मद्रास मार्गावरचे स्थानक बनले आणि इथल्या लाकडाला मोठी बाजारपेठ उघडली. तरी आलापल्लीचे जंगल बल्लारशापासून शंभरेक किलोमीटर दूरच राहिले. आजही गडचिरोली जिल्ह्याला जुन्या रेल्वेमार्गाचा स्पर्श होतो तो एका कोपऱ्यात, वडसा-देसाईगंजला. मधले अंतर नाले, रेती, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यात बुडणारे रपटे, म्हणजे ठेंगणे पूल, यांतून काटावे लागे. ते काटले बंडीने, म्हणजे बैलगाडीने, आणि जिथे बंडीही जात नसे तिथे हत्तीने. सिरोंचा वनविभागातल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प आज पर्यटकांना आवडतो, पण तिथल्या हत्तींचे मूळ काम ओंडके ओढण्याचे होते.

बैल आणि हत्ती यांच्या कामाची रीत एकसारखी आहे. दोघेही हळू चालतात आणि दोघांचाही जोर पहिल्या पावलालाच सर्वांत जास्त असतो. चिखलात रुतलेली बंडी हलवायला जेवढे बळ लागते, तेवढे ती एकदा चालू लागल्यावर लागत नाही. बैल आधी मान घालून जू ताणतो, दोर ताठ होऊ देतो आणि मग सगळा भार पुढे टाकतो. तो झटका देत नाही. झटका दिला तर साखळी तुटते, नाहीतर खूर घसरतो. ताशी तीन-चार किलोमीटर ही त्याची चाल, आणि नाल्याच्या उतारावर ती त्याहूनही कमी. आंतरज्वलन इंजिनाचा स्वभाव नेमका उलटा असतो. ते थांबलेले असताना शून्य जोर देते, अगदी हळू फिरू लागले तर गुदमरते आणि मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांवर गेल्याशिवाय त्याला दम येत नाही. म्हणून सुरुवातीच्या ट्रक आणि मोटारी या भागात कोरड्या हंगामातल्या वाहनांपलीकडे जाऊ शकल्या नाहीत. मागच्या दोनच चाकांना जोर आणि सर्वांत खालचा गिअरही बंडीच्या मानाने फार वेगाचा. ओल्या रपट्यावर चाक एकदा गरगरू लागले, की इंजिनात कितीही बळ असले तरी ते चिखल उडवण्यातच जाई.

या पार्श्वभूमीवर १९४१ची युद्धकालीन विलीज जीप पाहावी. २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, ६० अश्वशक्ती आणि दोन हजार फेऱ्यांवर सुमारे १४२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाची ओढ. आजच्या हिशेबाने हे आकडे साधे आहेत. तिचे वेगळेपण मुख्य गिअरपेटीच्या मागे जोडलेल्या दुसऱ्या पेटीत होते. ही ट्रान्सफर केस दोन कामे करी. पुढच्या चाकांनाही जोर पोचवी आणि लो गिअर टाकला की चाकांची गती जवळजवळ निम्मी करून ओढ दुप्पट करी. पहिला गिअर २.६६, एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.८८ आणि लो गिअरचे १.९७, हे तीन आकडे गुणले की सुमारे २५.६ येतात. याचा अर्थ चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन साडेपंचवीस वेळा फिरते आणि घर्षणात जाणारा भाग वगळता ओढही तेवढ्याच पटीने वाढते. जीपमागे पाव टनी ट्रेलर जोडून ती युरोपातल्या चिखलात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात चालली ती या गुणाकाराच्या बळावर.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो युद्ध संपल्यावर. १९४५ मध्ये विलीज कंपनीने शेतकऱ्यासाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली. तिला नांगर, ट्रेलर आणि करवत चालवायची होती. अधिक ओढ हवी म्हणजे अधिक मोठे इंजिन, असे वाटणे साहजिक आहे. कंपनीने इंजिन जवळपास तेच ठेवले, अश्वशक्तीही साठच, आणि बदल केले ते दात्यांत. गिअरपेटी अधिक दणकट आली व पहिला गिअर २.८० झाला, क्राऊन-पिनियन ५.३८चे झाले आणि लो गिअर सुमारे अडीच. गुणाकार २५.६ वरून ३७ च्या आसपास गेला. म्हणजे इंजिनात एका घोड्याचीही भर न घालता चाकावरची ओढ जवळजवळ दीडपट झाली. आता हिशेब उलटा करून पाहावा. त्या काळच्या १६ इंची टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर असतो. इंजिन मिनिटाला हजार फेरे करत असेल आणि गाडी लो गिअरच्या पहिल्यात असेल, तर तिचा वेग ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर येतो. ही अगदी बंडीची चाल. दोन्ही आकडे असे जुळणे योगायोगाचे नाही. शेत आणि जंगल यांतला भार ओढण्याची गती जगभर बैल-घोड्यांनीच ठरवून ठेवली होती आणि ती गाठणारी मोटार आली, तेव्हा ती या कामाला लागू पडली.

भारतात ही गाडी आली ती महिंद्रांमार्फत. १९४७ मध्ये विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या माझगावात जीप बांधली जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप ही विकासखात्याची ओळखच बनली. आरोग्य, हिवताप नियंत्रण, वन, महसूल, बांधकाम अशा सगळ्या खात्यांत ती गेली. चांदा जिल्ह्याच्या दृष्टीने यात एक पेच होता. अधिकाऱ्याची जीप महिन्यातले बरेच दिवस मुख्यालयाच्या बऱ्या रस्त्यावर धावे आणि उरलेले दिवस जंगलात ट्रेलर ओढी किंवा अडकलेली दुसरी गाडी बाहेर काढी. ५.३८चे क्राऊन-पिनियन जंगलात वरदान होते, रस्त्यावर मात्र त्याची किंमत मोजावी लागे. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या जवळ फिरे, ८० ला सव्वातीन हजारांवर जाई. आवाज, पेट्रोलचा खप आणि झीज तिन्ही वाढत. शिवाय चारही चाकांचा जोर जोडून कोरड्या डांबरावर गाडी चालवली, तर वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना कमी-जास्त अंतर जावे लागत असल्याने मधल्या शाफ्टला पीळ बसे आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस तुटत. त्यामुळे या गाडीची जुळवणी म्हणजे केवळ यंत्राची जुळवणी राहिली नाही. कुठे पुढचा एक्सल जोडावा, कुठे सोडावा, नाल्यात उतरण्याआधीच लो गिअर टाकावा, मध्यात टाकू नये, ही चालकाची शिस्तही तिचाच भाग झाली.

पेट्रोलच्या जमान्यातली इंजिनाची जुळवणी बारकाईची होती, पण तिचाही रोख वेगापेक्षा संथ ओढीवर असे. पॉइंटचे अंतर, प्लगचे अंतर, टॅपेट, कार्बोरेटरची हवा-पेट्रोलची जुळणी आणि ठिणगीचे टायमिंग ही पाच कामे हातात असत. टायमिंग पुढे घेतले तर सपाट रस्त्यावर गाडी चपळ होते. पण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४६-४७ अंशांवर असताना, मागे भार लावून तीच गाडी चढावर घातली की सिलिंडरमधले उरलेले मिश्रण आपोआप पेटते, इंजिन खटखटते आणि पिस्टनला मार बसतो. भाराच्या कामाला टायमिंग थोडे मागे ठेवावे लागते. जुन्या जीपचे दाबाचे प्रमाण साडेसहाच्या आसपास होते, त्यामुळे ती हलक्या प्रतीचे पेट्रोलही पचवी. हा तिचा मोठा गुण होता. पाणी हा दुसरा विषय. खोल नाला ओलांडण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवण्याची रीत होती, म्हणजे पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवणार नाही. पलीकडे गेल्यावर पट्टा पुन्हा चढवला नाही, तर मंद चालीत रेडिएटरला वारा मिळत नाही आणि इंजिन तापते. रस्त्यावर धावताना वारा आपोआप मिळतो, भार ओढताना तो पंख्यालाच आणावा लागतो. म्हणून स्वच्छ रेडिएटर आणि ताणलेला पट्टा ही ओढकामाची पहिली अट ठरली आणि अधिक अश्वशक्तीची इच्छा तिच्या मागे राहिली.

यानंतरचे मोठे वळण डिझेलचे. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागले आणि जीपमध्ये डिझेल इंजिने येऊ लागली. ऐंशीच्या दशकात महिंद्राने फ्रान्सच्या पेजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन घेतले आणि एमएम-५४० सारख्या गाड्या त्यावर चालल्या. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाटही देशभर याच सुमारास उसळली. इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येऊ शकतो. लोकांनी इंजिन बदलले, म्हणजे त्यांना ताकदच हवी होती, असे कुणी म्हणेल. आकडे तसे सांगत नाहीत. पेजोचे ते इंजिन ६२ अश्वशक्तीचे होते आणि त्याचा टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर. १९४१च्या जीपचा टॉर्क १४२ होता आणि नंतरच्या, उंच बॉनेटच्या सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनाचा त्याहूनही जास्त. म्हणजे डिझेलने कमाल ओढ वाढवली नाही, काही प्रमाणात घटवली. ते पसंत पडले ते खर्चासाठी आणि आणखी दोन कारणांसाठी, जी गडचिरोलीत विशेष लागू पडतात. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे भिजायला डिस्ट्रिब्युटर किंवा प्लगच्या तारा नसतात. हवेच्या नळीत पाणी शिरेपर्यंत ते चालत राहते. दुसरे असे, की डिझेल पंपातला गव्हर्नर भार वाढताच इंधन वाढवतो आणि फेरे फार पडू देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय न नाचवता गाडी सलग चालते. बैलाच्या सलग चालीशी याचे नाते उघड आहे. डिझेलची जुळवणी म्हणजे नोझलचा दाब, पंपाचे कॅलिब्रेशन आणि इंधन सुटण्याची वेळ. पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवले तर काळा धूर आणि तापलेले इंजिन मिळते, ओढ किंचितच वाढते.

इंजिनाइतकेच महत्त्वाचे बदल या काळात एक्सलमध्ये घडले, आणि त्यांची कारणे जिल्ह्याच्या रस्त्यांच्या इतिहासात आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चंद्रपूरच्या बाजूला औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी यांमुळे पक्के रस्ते वाढले, गाड्यांचे रोजचे अंतर वाढले. पूर्वेकडे मात्र १९८० पासून आलेल्या नक्षलवादी चळवळीमुळे आणि दाट जंगलामुळे रस्त्यांची कामे रखडली, आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडचे रस्ते फार काळ कच्चेच राहिले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटे, हे दर पावसाळ्याचे चित्र होते. एकाच गाडीला सकाळी चंद्रपूरचे डांबर आणि दुपारी भामरागडच्या बाजूचा चिखल, असे दोन मालक मिळाले. महिंद्राच्या गाड्यांत ५.३८, ४.८८, ४.२७ आणि ३.७३ असे क्राऊन-पिनियनचे जोड येत गेले. लहान आकड्याचा जोड बसवला की गाडी रस्त्यावर शांत होते आणि ॲव्हरेज सुधारते. पण ५.३८ वरून ३.७३ वर जाणे म्हणजे प्रत्येक गिअरमधली ओढ जवळजवळ एकतृतीयांशाने कमी करणे. मोठे टायर चढवण्याचाही परिणाम तोच. सहा इंच रुंदीचा टायर काढून सात इंच रुंदीचा बसवला, की घेर सात-आठ टक्के वाढतो आणि तेवढी ओढ जाते. देखण्या मोठ्या टायरांची गाडी चढावर क्लच जाळते, त्याचे मूळ कारण इथे आहे. आणखी एक चूक नेहमीची. खर्च वाचवण्यासाठी मागच्याच एक्सलचा जोड बदलायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा. अशा गाडीत फोर-बाय-फोर टाकले की पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि एकमेकांशी भांडतात. जो गुण मिळवण्यासाठी ही गाडी घेतली तोच हरवतो. रोजचा रस्ता आणि ओढ दोन्ही असलेल्या गाडीला मधला जोड, त्याला शोभणारा टायर आणि शाबूत लो गिअर हेच योग्य उत्तर होते. पुढे पाच गिअरच्या पेट्या आल्या, तेव्हा रस्त्यासाठी वरचा गिअर आणि कामासाठी खालचे गिअर अशी ही वाटणी अधिक सोपी झाली.

ताडोबाची जिप्सी हा याच इतिहासाचा पुढचा पुरावा. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात आज पर्यटक ज्या उघड्या जिप्सींतून फिरतात, ती मारुती जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली. आधी तिचे इंजिन एक लिटरच्याही आतले होते, मग १.३ लिटरचे आले. शेवटच्या काळातल्या इंजिनाची अश्वशक्ती ८०, पण टॉर्क अवघा १०३ न्यूटन-मीटर आणि तोही साडेचार हजार फेऱ्यांवर. म्हणजे ओढीच्या बाबतीत ती १९४१च्या जीपपेक्षाही दुबळी होती. तरी जंगलाच्या कच्च्या वाटांवर तिच्याइतकी विश्वासाची गाडी दुसरी सांगता येणार नाही. वजन सुमारे एक टन, अरुंद बांधा आणि दात्यांची हुशार योजना यांच्या जोरावर हे साधले. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय गिअरही सरळ एकास एक नव्हता. तिथेही गती १.४१ पटीने घटवलेली होती आणि लो गिअरमध्ये २.२७ पटीने. लहान इंजिनाला कायमच दात्यांचा टेकू दिलेला होता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महामार्गावर ती कर्कश वाटे आणि जड ट्रेलर ओढण्याचे काम तिचे नव्हतेच. ओढीला लागणारे वजन आणि मागच्या भाराला आवरणारे ब्रेक तिच्याकडे नव्हते. भार ओढणे म्हणजे तो थांबवणेही, हा धडा तिच्यामुळे ठळक होतो. उतारावर ट्रेलर मागून ढकलू लागला, की पायाच्या ब्रेकपेक्षा खालचा गिअरच गाडी आवरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या जंगलातली खरी ओढ जीपने कधी केली, असे कुणी विचारू शकेल. आलापल्लीचे सागवान बल्लारशाच्या, म्हणजे बल्लारपूरच्या, आगारात पोचवले ते ट्रकांनी, तिथल्या कागद गिरणीचा बांबू वाहिला तोही ट्रकांनी, आणि गावकऱ्यांचे धान, सरपण, वऱ्हाड, इतकेच काय रुग्णही ओढले ते ट्रॅक्टरने. हे खरे आहे आणि मान्यच केले पाहिजे. लाकडाच्या घनमीटरांत मोजायचे तर जीपचा वाटा नगण्य ठरेल. पण या आक्षेपाने माझा मुद्दा ढळत नाही, उलट त्याला आधार मिळतो. ट्रॅक्टरने इथल्या गावांत बंडीची जागा घेतली ती तीस-पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनांवर, म्हणजे जीपच्या निम्म्या ताकदीवर. त्याच्या खालच्या गिअरची चाल ताशी दोन-तीन किलोमीटर असते, चाक मोठे असते आणि वजन मागच्या चाकांवर असते. ज्याने बैलाची चाल अधिक नेमकी गाठली, त्याच्याकडे ओढकाम गेले. जीपकडे उरले ते मधले काम. माणसे न्यायची, रोपे आणि पाण्याची टाकी जंगलात पोचवायची, उन्हाळ्यात वणवा रोखणाऱ्या जाळरेषेवर माणसे आणि साहित्य सोडायचे, अडकलेले वाहन काढायचे आणि संध्याकाळी मुख्यालयी परतायचे. ट्रॅक्टर रोज ऐंशी किलोमीटर रस्ता धावू शकत नाही, ट्रक रपट्यावरून वळू शकत नाही. दोन्ही थोडे-थोडे करणारी गाडी म्हणूनच जीपला इथे स्थान मिळाले, आणि तिच्या जुळवणीचा प्रश्न ट्रक-ट्रॅक्टरपेक्षा अवघड झाला तोही त्यामुळेच.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता टर्बो लावलेली, संगणकाने इंधन मोजणारी कॉमन रेल डिझेल इंजिने आली. महिंद्राच्या २०२०च्या थारचे डिझेल इंजिन १,६०० फेऱ्यांपासूनच ३०० न्यूटन-मीटर देते, जुन्या जीपच्या दुपटीहून जास्त. मग दात्यांचे हे जुने गणित कशाला, असे वाटू शकते. पहिले उत्तर त्या गाडीतच आहे. एवढा टॉर्क असूनही कारखान्याने तिच्यात लो गिअर ठेवला आहे. टर्बोला दम येतो तो धुराचा झोत वाढल्यावर. हजार फेऱ्यांवर, ट्रेलर मागे आणि चाक चिखलात असताना, ते इंजिनही आपल्या कमाल ओढीपासून दूर असते. तेव्हा लो गिअर नसेल तर क्लच अर्धा दाबून गाडी काढावी लागते आणि ती झीज थेट प्लेटवर पडते. दुसरे उत्तर कायद्याचे. संगणकातले इंधनाचे गणित बदलून किंवा दुसरे इंजिन बसवून ताकद वाढवण्याची हौस आता वाढली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाही. आणि यंत्राच्या दृष्टीनेही इंजिनाची ओढ वाढवली की तिचा ताण क्लच, गिअरपेटी, क्रॉस आणि एक्सल यांच्यावर जातो. साखळीतली सर्वांत कच्ची कडी तुटते, आणि जंगलात ती तुटली की गाडी ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ज्याला रोज रस्ता आणि अधूनमधून भार दोन्ही साधायचे आहेत, त्याने आधी टायर मूळ मापाचे ठेवावे, दोन्ही एक्सलचे प्रमाण एक असल्याची खात्री करावी, रेडिएटर आणि क्लच धड ठेवावेत, ट्रेलरचे वजन कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावे आणि लो गिअर वापरण्याची सवय लावावी. इंजिनाला हात लावण्याची पाळी त्यानंतरची, आणि बहुधा ती येतच नाही.

रस्ते सुधारले, पूल झाले, आता या गाड्यांची गरजच संपत आली, असेही म्हटले जाते. गरज कमी झाली हे मान्य, आणि रुग्ण लो गिअरने वाचण्यापेक्षा पुलाने वाचणे नेहमीच चांगले, यात शंका नाही. पण गरज कमी होत असतानाच तिची नोंद करण्याची वेळ असते, आणि ती निसटते आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली. खात्याखात्यांच्या जुन्या जीप भंगारात निघत आहेत. प्रत्येक सरकारी गाडीला लॉगबुक असते. कुठल्या तारखेला ती कुठे गेली, किती किलोमीटर चालली, किती इंधन पडले, कोणता भाग बदलला, हे त्यात लिहिलेले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विकासाचा, वनसंरक्षणाचा आणि आरोग्यसेवेचा सर्वांत साधा, रोजचा इतिहास त्या वह्यांमध्ये आहे. कोणत्या वर्षी कोणत्या गावापर्यंत गाडी पोचू लागली हे दुसऱ्या कुठल्या कागदावरून इतके स्पष्ट कळणार नाही. क्लचप्लेट किती किलोमीटरला गेली, यावरून त्या काळच्या रस्त्याची अवस्थाही वाचता येईल. चंद्रपुरात वनखात्याची स्वतःची प्रबोधिनी आहे. तिने एक चालू स्थितीतली जुनी जीप, तिच्या मूळ क्राऊन-पिनियनसह, जतन करावी आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या उरलेल्या लॉगबुकांचा संग्रह करावा. जुन्या गॅरेजांतले मिस्त्री आणि निवृत्त सरकारी चालक अजून आहेत, तोवर त्यांच्याकडून कोणत्या रस्त्याला कोणता जोड चालला, कोणत्या महिन्यात टायमिंग कुठे ठेवले, हे लिहून घ्यावे. हे काम फार पैशाचे नाही, पण येत्या दोन-चार वर्षांत झाले नाही तर पुढे होणार नाही.